फाळ घडवणाऱ्याला जमीन नाही

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



तुम्ही म्हणाल, आपल्या बापजाद्यांच्या नावावर इथं गुंठाभर जमीन नाही, आणि हा गृहस्थ आफ्रिकेतल्या डोंगरावरचा सातबारा कशाला वाचतोय? कारण आहे. आपल्यात एक भांडण कायम चाललेलं असतं. एक म्हणतो, जमीन हाच मूळ प्रश्न. जमीन वाटली की जात आपोआप मरते. दुसरा म्हणतो, मूळ माणसाच्या डोक्यात आहे, धर्मात आहे. देव बदलला की माणूस बदलतो. दोघंही रात्री दोनपर्यंत घसा फोडतात. मी म्हणतो, जिथं दोन्ही होऊन गेलं असा एक मुलूख तपासून बघू. इथिओपिया. जुनं नाव अॅबिसिनिया. धर्म येशूचा, म्हणजे समतेचा. आणि तो चौथ्या शतकापासून, एझाना राजानं घेतला तेव्हापासून. आणि जमीन? ती १९७५ साली एका कायद्यानं जमीनदारांच्या हातून काढून घेतली. मग तिथं काय मेलं आणि काय जिवंत राहिलं, एवढंच आज बघायचं.

तो मुलूख आपल्याला अगदी परकाही नाही. आपण 'हबशी' म्हणतो ते तिकडचेच. अहमदनगरची निजामशाही मोगलांच्या विरोधात पंचवीस-एक वर्षं ज्यानं तोलून धरली, १६१० साली खडकी वसवली – पुढं तिचं औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर – तो मलिक अंबर तिकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा. त्यानं दख्खनमध्ये जमिनीच्या साऱ्याची अशी घडी बसवली की मराठी मुलखात तिचं नाव त्याच्यामागंही निघत राहिलं. गंमत बघा. तिकडं ज्याला स्वतःच्या देहाचीही मालकी नव्हती, त्यानं इथं येऊन जमिनीचा हिशेब बसवला. मग तिकडं कोणाला जमीन होती आणि कोणाला नव्हती?

आधी मुलूख डोळ्यांसमोर आणा. समुद्रापासून सात-आठ हजार फूट उंच पठार. तिग्राई, गोंदर, गोज्जाम, वोल्लो, शेवा. थंड हवा, काळी माती, बैलाचा नांगर. सहाराच्या दक्षिणेकडच्या बहुतेक आफ्रिकेत जुन्या काळी कुदळीची शेती, इथं नांगराची. तेफ नावाचं बारीक धान्य पिकतं, त्याची मोठ्या घावनासारखी आंबवलेली भाकरी करतात, तिला इंजेरा म्हणतात. गावोगाव चर्च. १२७० पासून पुढं जे राजे आले ते म्हणायचे, आम्ही सॉलोमन राजाचे आणि शेबाच्या राणीचे वंशज. म्हणजे राजा थेट बायबलातून उतरलेला. त्याला हात लावायची कोणाची टाप?

आता जमिनीचं बघू. दोन शब्द लक्षात ठेवा. रिस्त आणि गुल्त. हे दोन शब्द कळले की त्या राज्याचं पोट कळतं.

रिस्त म्हणजे आपल्याकडच्या मिराशीसारखा हक्क. फार पूर्वी कोणीतरी एक मूळपुरुष आला, त्यानं रान तोडलं, जमीन वहीत केली. त्याला अम्हारा लोक 'वन्ना अबात' म्हणतात, मुख्य बाप. त्या बापाच्या वंशात जो जन्मला, मुलाकडून असो की मुलीकडून, त्याचा त्या जमिनीत वाटा. हो, मुलीकडूनही. बाईला बापाचीही रिस्त मिळायची आणि आईचीही. आपल्या हिंदू कायद्यानं मुलीला बापाच्या वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाच्या बरोबरीनं बसवायला २००५ साल उजाडलं, हे इथं आठवून ठेवायला हरकत नाही. रिस्त विकता येत नाही, ती सगळ्या वंशाची. आणि ती कधी बुडत नाही. पणजोबा गाव सोडून गेला असला तरी पणतू परत येऊन दावा लावू शकतो.

ऐकायला झकास वाटतं. अॅलन होबेन नावाच्या अभ्यासकानं गोज्जामात राहून याच्यावर पुस्तक लिहिलं, १९७३ साली. त्यात दिसतं ते असं, की वाटा सगळ्यांचा, पण पदरात पडतो तो ज्याची वंशावळ भक्कम, साक्षीदार भक्कम आणि ज्याची पंचांजवळ बैठक आहे त्याच्या. तिकडचा शेतकरी आयुष्यभर दोन गोष्टी करतो, नांगर धरतो आणि कज्जे लढतो. भाऊबंदकी ही काही आपलीच मिरास नव्हे.

गुल्त ही दुसरी भानगड. गुल्त म्हणजे जमीन नव्हे, जमिनीवर राबणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क. राजा तो सरदाराला देतो, चर्चला देतो, मठाला देतो. आपले सरंजाम, इनामं, देवस्थान इनाम डोळ्यांसमोर आणा. शेतकऱ्याची रिस्त त्याच्याकडेच, पण तिच्यावर गुल्तवाला बसलेला. पिकाचा दहावा हिस्सा द्या, मध द्या, गुल्तवाल्याच्या खास रानात नांगर धरा, त्याचं कुंपण घाला, त्याचं धान्य दळा, लढाईला निघाला तर त्याचा बोजा वाहा. फौज गावात उतरली तर शिपाई घरात ठेवून घ्या आणि खाऊपिऊ घाला. हे सगळं देणारा तो 'गब्बार', म्हणजे देणेकरी. शोलेतला गब्बर गावाकडून घेत होता. हा गब्बार नुसताच देत होता.

आणि या हक्काची नोंद कुठं व्हायची? तलाठ्याच्या दप्तरात नव्हे. बायबलात! चर्चमध्ये कातड्यावर लिहिलेली शुभवर्तमानाची मोठी पोथी असायची. तिच्या कोऱ्या पानांवर आणि समासात लिहून ठेवायचे: अमुक राजानं अमुक गावचं गुल्त अमुक चर्चला दिलं, साक्षीदार अमुक. आणि शेवटी शाप. जो कोणी हे मोडील त्याच्यावर संत पीटर आणि पॉल यांच्या नावानं बहिष्कार. डोनाल्ड क्रमी या इतिहासकारानं अशा नोंदींवरून त्या राज्यातल्या जमिनीचा आणि समाजाचा मोठा इतिहास लिहिला, २००० साली. अठराव्या शतकात गोंदर राजधानी असताना चर्चशी बांधलेल्या जमिनींचे खरेदी-विक्रीचे व्यवहारसुद्धा या पोथ्यांत आहेत, आणि त्यांत बायकाही आहेत. मेन्तेवाब राणीनं गोंदरला कुस्क्वाम चर्च बांधलं, त्याला भरपूर जमिनी लावून दिल्या. म्हणजे देव आणि दस्तऐवज एकाच कातड्यात बांधलेला. डोंगरावरचा येशू गरिबाला म्हणाला, पृथ्वी तुझी. त्याच पानाच्या समासात कारकून लिहितो, पृथ्वी मठाची. आता बोला.

इथवरची गोष्ट कोणताही डावा पुढारी तुम्हाला सांगेल. राजा, सरदार, पाद्री वर, शेतकरी खाली. सरंजामशाही. शोषण. सगळं खरं. पण इथं थांबलात तर फसलात. कारण शेतकऱ्याच्याही खाली माणसं होती, आणि ती त्याच्या हिशेबात नव्हती.

नांगराला लोखंडी फाळ लागतो. तो कोण करतो? लोहार. इंजेरा भाजायला मोठा मातीचा तवा लागतो. तो कोण घडवतो? कुंभारीण. कातडी कोण कमावतो? अंगावरची पांढरी शम्मा कोण विणतो? ही सगळी कामं त्या पठारावर हलकी. जमीनवाला माणूस त्यांना हात लावायचा नाही. आणि जो हात लावायचा त्याला रिस्त नाही. का नाही? तर त्याचा मूळपुरुष रान तोडणाऱ्यात नव्हता म्हणे! अरे, रान तोडलं ती कुऱ्हाड कोणी घडवली होती?

नुसतं हलकं म्हणून भागलं नाही. लोहार, कुंभार यांना 'बुदा' ठरवलं. बुदा म्हणजे दृष्ट लावणारा, नजरेनं माणसाचं काळीज खाणारा. दिवसा भात्यापाशी बसतो आणि रात्री तरस होऊन फिरतो, मढी उकरतो. पोर आजारी पडलं की बुदानं खाल्लं. अशाशी सोयरीक नाही, एका ताटात जेवण नाही. तिकडं एका ताटातून जेवणं हीच खरी माणुसकीची खूण. मोठ्या परातीतल्या एका इंजेरातून सगळे हातानं तोडून खातात. त्या परातीला बुदाचा हात लागता कामा नये. पण इंजेरा ज्या तव्यावर भाजला तो तवा बुदाच्याच बाईनं घडवलेला! तवा चालतो, बाई चालत नाही. हे ऐकताना तुम्हाला कोणतं गाव आठवलं, ते मला सांगायची गरज नाही. आणि भाषेची हरामखोरी बघा. कारागिराला त्यांचा जुना शब्द 'तबिब'. मूळ अर्थ शहाणा, हुन्नर जाणणारा. आपल्याकडं तबीब म्हणजे वैद्य. तिकडं हाच शब्द शिवी होऊन बसला. ज्याच्याकडं ज्ञान, त्याला जमीन नाही; आणि ज्याला जमीन नाही त्याचं ज्ञान म्हणजे चेटूक.

आता हे आपोआप झालं, निसर्गानं झालं, असं कोणी म्हणेल. नाही. बेता इस्राएल नावाचे लोक बघा. गोंदरच्या बाजूला राहणारे, मोझेसचा कायदा पाळणारे, ख्रिस्ताला न मानणारे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला येसहाक राजानं त्यांचा पाडाव केला. परंपरेत असं सांगतात, की त्यानं हुकूम काढला: बाप्तिस्मा घेईल त्यानं बापाची जमीन ठेवावी, घेणार नाही त्यानं परागंदा व्हावं. 'फलाशा' हे त्यांचं जुनं नाव लोक त्या परागंदा शब्दाशीच जोडतात. त्यांना स्वतःला ते नाव शिवीसारखं वाटतं. जमीन गेली. मग पोटासाठी काय? भाता, माती, माग. कोणी ख्रिश्चनाच्या रानात वाट्यानं राबायचं. गोंदरचे दगडी वाडे उभे राहिले तेव्हा गवंडी, सुतार, लोहार म्हणून ते राबले. आणि भाता हातात आल्यावर तेही बुदा झाले.

हा क्रम नीट बघा. आधी ते अपवित्र होते म्हणून जमीन गेली, असं नाही. आधी जमीन गेली, मग हलकं काम आलं, मग अपवित्रपणा आला, आणि शेवटी सगळे म्हणायला लागले की हे मुळातच अपवित्र, म्हणून यांना जमीन नाही. चोरी आधी झाली, शास्त्र मागून आलं.

ताना सरोवराच्या काठावर वेय्तो राहतात. लव्हाळ्याच्या होड्या बांधणारे, पूर्वी पाणघोड्याची शिकार करून खाणारे. ते मुसलमान, पण पाणघोडा खायचे म्हणून मुसलमानही त्यांना जवळ करत नव्हते, ख्रिश्चनांचं तर नावच नको. जमीन नाही. पठारावरचे बाकीचे मुसलमान घ्या. व्यापार करा, कापड विणा, पण रिस्त मागू नका. आणि गुलाम. राज्याच्या कडेच्या मुलखांतून पकडून आणलेली माणसं. 'फेथा नगस्त' म्हणजे राजांचा न्याय, हा त्यांचा कायदेग्रंथ; लढाईत धरलेल्या परधर्मीयाला गुलाम करायला त्यात आधार होता. गुलामाला पूर्वज कुठला? ज्याला पूर्वज नाही त्याला रिस्त नाही. म्हणजे रिस्त हा जमिनीचा हक्क दिसतो, पण ती खरं म्हणजे माणूस असल्याची सनद होती. वंशावळ दाखव, मग माणूस.

आता वरचा इतिहास भराभर सांगतो, कारण राजांच्या गोष्टी सगळीकडं सारख्याच. तेवोद्रोस नावाचा राजा झाला, १८५५ ते १८६८. त्यानं चर्चची जादा जमीन काढून सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांना द्यायचं ठरवलं. झालं, पाद्री उलटले. पुढं त्यानं काही इंग्रजांना कैदेत टाकलं आणि इंग्रजांची फौज चालून गेली. ती कुठून गेली? आपल्या मुंबईहून. मुंबई लष्कराच्या पलटणी, बरोबर ४४ हत्ती. मुंबई लष्कराच्या पायदळात त्या काळी महार शिपाई होतेच. एप्रिल १८६८ मध्ये माग्दाला पडलं आणि तेवोद्रोसनं स्वतःवर गोळी झाडून घेतली.

मग मेनेलिक. १ मार्च १८९६ ला आडवाच्या लढाईत त्यानं इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. काळ्या माणसानं गोऱ्या साम्राज्याला मातीत लोळवलं, हे जगभरच्या काळ्यांनी उराशी धरलं, आणि धरावंच. पण त्याच मेनेलिकनं त्याच वर्षांत दक्षिणेचे मुलूख जिंकले. आर्सी, वलायता, १८९७ ला काफा. ओरोमो, सिदामा आणि कितीतरी लोक. तिथं 'नफ्तान्या' बसवले. नफ्त म्हणजे बंदूक, नफ्तान्या म्हणजे बंदूकवाला. पगार म्हणून त्याला काय दिलं? कुटुंबं. अमुक हुद्द्याला इतकी गब्बार कुटुंबं. जमीन दोरीनं मोजली, एक तृतीयांश तिथल्या देशी सरदाराला चाखायला ठेवली, बाकी बादशहा, चर्च आणि बंदूकवाले. आणि हे बंदूकवाले कोण? त्यातले कितीतरी उत्तरेतले गरीब शेतकरीच. जो घरी गुल्तवाल्यापुढं वाकत होता, तो दक्षिणेत जाऊन स्वतः धनी झाला. गोऱ्याविरुद्ध वीर आणि काळ्याच्या छातीवर सरदार. हे दोन्ही एकाच माणसात असू शकतं. आपले पुढारी बघताना हे विसरू नका.

बादशहा हेले सेलासी, १९३० ते १९७४. त्याच्या काळात कागदावर बरंच झालं. १९४२ ला गुलामगिरी बंद. गब्बार पद्धत बंद. १९६६ ला गुल्त रद्द. पण दक्षिणेत बंदूकवाल्याचा जमीनदार झाला आणि गब्बाराचा कूळ झाला. पीक अर्ध्यावर नाहीतर तिसऱ्या हिश्शावर. उत्तरेत उलटी गोष्ट. १९६७ ला सरकारनं शेतीच्या उत्पन्नावर नवा कर आणला, तर १९६८ ला गोज्जामचे शेतकरी बंड करून उठले. मोजणीदार आला म्हणजे आपली रिस्त गेली, अशी त्यांना धास्ती. सरकारनं विमानांतून बाँब टाकले, पण शेवटी मागं हटलं. गरीब शेतकरी स्वतःच्या मिराशीसाठी मरायला तयार, पण त्याच गावातल्या लोहाराला वाटा द्यायला तयार नाही. हेही खरं आणि तेही खरं.

आणि मग तुमच्या-माझ्यासारखी पोरं रस्त्यावर आली. फेब्रुवारी १९६५. अदिस अबाबाच्या विद्यापीठातले विद्यार्थी पार्लमेंटवर मोर्चा घेऊन गेले. घोषणा: 'मेरेत लाराशू!' म्हणजे कसेल त्याची जमीन. ज्या बादशहाच्या नावाचं विद्यापीठ, त्याच्याच दारात. पुढं १९६९ ला वलेलिन्ये मेकोन्नेन नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या मासिकात लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की हे एक राष्ट्र नाहीच. इथं खरा इथिओपियन ठरायचं तर अम्हारांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांचा पोशाख अंगावर चढवावा लागतो. स्वतः वोल्लोतल्या अम्हारा घरातला पोरगा. त्याच वर्षी डिसेंबरात विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष तिलाहुन गिझाव गोळी घालून मारला गेला. वलेलिन्ये १९७२ ला विमान पळवण्याच्या प्रयत्नात मेला. लहान मासिकातला एक लेख, पण त्या देशातला राष्ट्राचा प्रश्न आजही तिथूनच मांडावा लागतो. लिटल मॅगझिनला हसणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

१९७३. आपल्याकडं बहात्तरचा दुष्काळ चालू होता, तिकडं वोल्लोत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या पुस्तकात दाखवलं, की वोल्लोत लोक मरत होते तेव्हा तिथलं धान्य बाहेरच्या शहरांत जात होतं. धान्य होतं, विकत घ्यायची ऐपत नव्हती. १२ सप्टेंबर १९७४ ला बादशहा गेला, लष्करी मंडळ आलं. त्याला 'देर्ग' म्हणतात. ४ मार्च १९७५ ला कायदा जाहीर: गावाकडची सगळी जमीन जनतेची. जमीनदाराला भरपाई नाही. कुळाचा खंड माफ. एका कुटुंबाला जास्तीत जास्त दहा हेक्टर. जमीन विकायची नाही, गहाण ठेवायची नाही, खंडानं द्यायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम: जो स्वतः कसायला तयार आहे त्याला, बाई असो की बाप्या, जमीन मिळेल. वंशावळ विचारायची नाही! सुमारे ६०,००० विद्यार्थी आणि शिक्षक खेड्यापाड्यांत गेले, कायदा समजावत, शेतकऱ्यांच्या संघटना बांधत. दक्षिणेतल्या कुळांनी जमीनदार हाकलले. मित्रांनो, या घटनेला सलाम करायला मी कमी करणार नाही. हजार वर्षांचा बोजा एका सकाळी उतरवला.

आणि मग?

लोहाराला, कुंभाराला, काफातल्या मांजो लोकांना, बेता इस्राएलांना कायद्यानं जमिनीचा हक्क मिळाला. बऱ्याच ठिकाणी तुकडे मिळालेही, ते शेतकरी संघटनेत बसलेही. मांजो म्हणजे जंगलात शिकार करणारे, लाकूड आणि कोळसा विकणारे. त्यांना काफा लोक घरात घेत नव्हते. कायदा आला, जमीन आली, पण ताट वेगळंच राहिलं. २००३ साली डेना फ्रीमन आणि अलुला पँकहर्स्ट यांनी अशा वगळलेल्या लोकांवर पुस्तक काढलं. कायद्याला पंचवीस वर्षं होऊन गेल्यावरही सोयरीक नाही, एकत्र जेवण नाही, अशीच चित्रं त्यात ठिकठिकाणी दिसतात. शिवाय जमीन सारखी झाली तरी बैल सारखे झाले नाहीत. ज्याच्याकडं बैल नाहीत त्याची वाटणीची जमीन बैलवाल्याच्या दारात जाते. आणि पिढ्यान्‌पिढ्या रिस्तवाल्याकडं बैल होते, बुदाकडं भाता.

बेता इस्राएल तर देशच सोडून गेले. १९८४-८५ ला आणि मे १९९१ ला विमानं भरभरून इस्राएलला. धर्माची भूमी, आपल्या रक्ताची माणसं! आणि १९९६ ला उघडकीला आलं, की तिथल्या रक्तपेढ्या यांनी दान केलेलं रक्त गुपचूप फेकून देत होत्या. तरस म्हणणारे मागं राहिले. पुढं रक्त ओतून देणारे भेटले.

आता जमीन सरकारची झाली त्याचं काय झालं तेही बघा. देर्गनं १९७७-७८ ला त्याच विद्यार्थ्यांना रस्त्यांवर गोळ्या घातल्या ज्यांनी घोषणा दिली होती. पुढं लोकांना गावंच्या गावं उठवून दुसरीकडं बसवलं. १९८४ चा दुष्काळ सगळ्या जगानं बघितला. १९९१ ला देर्ग गेलं, १९९५ ला नवी घटना आली. चाळिसाव्या कलमात पुन्हा तेच: जमीन राज्याची आणि जनतेची, विक्रीला नाही. ठीक. पण राज्य म्हणजे कोण? पश्चिमेच्या सखल गांबेलात याच सरकारनं परदेशी कंपन्यांना हजारो हेक्टर भाडेपट्ट्यानं दिले. त्यातली सगळ्यात मोठ्या करारांपैकी एक असलेली, लाख हेक्टरच्या वरची, कंपनी कुठली? आपल्या बंगळूरची, गुलाबाची फुलं विकणारी. त्या भागातल्या अनुआक लोकांना जबरदस्तीनं हलवल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. २०१५ च्या अखेरीला सरकारनं तो करार रद्द केला. पण गुल्त मेलं नव्हतं, त्यानं फक्त टोपी बदलली. पूर्वी राजा गाव चर्चला द्यायचा, आता सरकार रान कंपनीला देतं. राबणाऱ्याला दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

तर आपल्या भांडणाकडं परत येऊ. धर्म बदलला की पुरे म्हणणाऱ्याला मी म्हणतो, येशूच्या राज्यात सतराशे वर्षांत लोहार तरसच राहिला, कारण देवाच्या पोथीतच जमिनीचा दस्त होता. समता प्रार्थनेत आणि विषमता समासात, असा धर्म कितीही मोठा असो, पोट भरत नाही. आपण बुद्धाकडं गेलो ते माणूस व्हायला गेलो, तर आपल्या विहाराच्या दारात जमिनीचा प्रश्न चप्पल काढून बाहेर ठेवता येणार नाही.

आणि नुसती जमीन म्हणणाऱ्याला मी म्हणतो, कसेल त्याची जमीन ही घोषणा चांगली, पण पुरी नाही. आधी विचारा, कसू कोणाला दिलं जात होतं? आपल्याकडंही कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं. पण गावकुसाबाहेरचा मजूर कूळ म्हणून कागदावर होता का? ज्याला नांगराला हातच लावू दिला नाही, तो कसणारा कसा ठरणार? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते याच्यासाठी. कसणाऱ्याला जमीन मिळालीच पाहिजे. पण फाळ घडवणाऱ्याला, मेलेलं जनावर ओढणाऱ्याला, कसण्याच्या हक्कापासूनच तोडलेल्याला पहिल्या रांगेत उभं करून. वाटणीच्या यादीत त्याचं नाव शेवटी आलं, तर बैलवाला ती जमीन पुन्हा खाणार.

आणि जमीन नुसती शेत नसते. ती वंशावळ असते, साक्ष असते, कोणाच्या ताटात कोणी जेवायचं याचा फर्मान असते. म्हणून जमिनीची लढाई आणि ताटाची लढाई एकाच दिवशी लढायला लागते. एक आज आणि एक उद्या असं ठरवलं, की उद्याची लढाई उद्याच राहते. तिकडच्या पोरांनी जीव दिला आणि अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी तिकडच्या मांजोंची आहे, वेय्तोंची आहे, आणि आपलीही आहे.

आता घोषणा द्यायची असेल तर पुरी द्या. कसेल त्याची जमीन. आणि ज्याला कसू दिलं नाही, त्याचीही!

एवढं बोलतो आणि थांबतो. प्रश्न विचारा, भांडा. जयभीम.